झाड होतं तिथून

मानाग्वातल्या संध्याकाळच्या वर्गात
बाकं भिंतीला सरकवून
मी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीने गाव आखते.
चार गल्ल्या, एक चौक,
खडूच्या खोक्याची बँक,
नॉर्लानच्या हेल्मेटचं पोस्ट ऑफिस.

एकाचे डोळे बांधायचे,
दुसऱ्याने इंग्रजीतून वाट सांगायची.
गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट.
हेलिंग थेट बँकेवर पाय देते,
खडूंचा भुगा. सगळे हसतात.
चूक तिची नाही. नॉर्लान राइट म्हणाला
आणि डावा हात हलवत राहिला.
डोळे बांधलेल्या मुलीला हात दाखवून काय उपयोग!

आमच्याकडे डावं-उजवं फारसं कुणी सांगत नाही.
तळ्याकडे दोन चौक, म्हणतो आम्ही,
मग एक चौक वर.
वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे,
चढ असो नसो.
पुस्तकातल्या गावाला तळंच नाही.
नॉर्लानला ज्या कॉल सेंटरात नोकरी हवी आहे,
तिथे फोन करणाऱ्यांनाही नसावं.

दोन्या सोकोरो सर्वांत शेवटी उठतात.
मुलगी टेक्सासात, नातवाला स्पॅनिश येत नाही,
म्हणून एकसष्टाव्या वर्षी ही वही.
त्यांनी घराचा पत्ता सांगायचा आहे.
छोटं झाड... म्हणतात, आणि अडतात.
‘होतं’ कसं म्हणायचं, टीचर?
इथे तर सगळं आहेच आहे.
बँक आहे, शाळा आहे, कोपऱ्यावर बेकरी आहे.

ते झाड मी पाहिलेलं नाही.
माझ्या जन्माआधीच कुणी तोडलं म्हणे.
तरी रोज रात्री टॅक्सीवाल्याला
मी त्याच्यावरूनच घर सांगते,
आणि तो, माझ्याहून लहान,
मान डोलावून गाडी वळवतो.

धडा सतरावा, आम्ही अजून चौथ्यात.
तरी फळ्यावर लिहिते : यूज्ड टू बी.
नॉर्लान चौकात झाडू उभा धरतो,
सगळ्यांना नीट बघू देतो,
मग नेऊन दाराआड ठेवतो.
दोन्या सोकोरो त्या रिकाम्या जागेकडे बोट करून
पूर्ण वाक्य म्हणतात. दोनदा.
दुसऱ्यांदा जरा मोठ्याने,
टेक्सासला ऐकू जावं इतपत.

उद्या सकाळी शिवणवर्गाच्या बायका
ही पट्टी खरवडून काढतील.
मंगळवारी मी कोऱ्या फरशीवर म्हणेन,
चला, नाकासमोर, पोस्ट ऑफिसपर्यंत.
आणि हेलिंग, वाटेत एके जागी,
पाय जरा उचलून टाकेल.