सात नंबरची चिठ्ठी

चित्रांचा संच परदेशातून आलेला.
इग्लू, कांगारू, पियानो, बर्फाचा माणूस.
चांगुणा तांडेल, वय बावन्न, दिवाळे कोळीवाडा,
बर्फाच्या माणसाकडं बघत राहिल्या बराच वेळ.
मग म्हणाल्या, "यो कोन गो? पिठाचा?"
मी फुली मारली.
नियम तसाच आहे.

चाळीसपैकी सतरा.
डाव्या कानाच्या वर, आत,
लिंबाएवढी, सावकाश वाढणारी गाठ,
आणि बाकीच्या तेवीस फुल्या
आम्ही तिच्याच नावावर चढवणार होतो.
घरी भांडी घासताना वाटलं,
मला कुणी डोल आणि पाग यांतला फरक विचारला
तर माझ्या डोक्यात काय सापडेल?

रविवारी दिवाळ्याच्या धक्क्यावर गेले, मोबाइल घेऊन.
निवटी. खुबे. चिंबोरी. शिंगाळा.
एका म्हाताऱ्यानं जाळं पसरून दाखवलं,
फोटो कशाला म्हणून विचारलं.
म्हटलं, ऑपरेशनसाठी.
तो हसला नाही, फक्त म्हणाला,
मग जिताडा घे, जिताड्याशिवाय काय.
आणि बर्फाच्या पेटीतून एक उचलून धरला,
दोन्ही हातांनी, बारशातल्या बाळासारखा.

मंगळवारी, खारघर.
कवटी उघडल्यावर भूल उतरवतात.
मेंदूला स्वतःचं दुखत नाही,
साऱ्या अंगाचं दुखणं त्याच्याकडंच येतं, तरी.
निळ्या कापडाच्या अलीकडं तिचा चेहरा आणि मी,
पलीकडं डॉक्टर सबनीस, हातात विजेची बारीक तार.
मी टॅब धरते, ती वाक्य पुरं करते.
"ही हाय निवटी."
"ही हाय चिंबोरी."
तार टेकते, उचलते, पुढं सरकते.
जिथं शब्द अडेल
तिथं नखाएवढी कागदी चिठ्ठी, नंबर घातलेली:
इथं कापायचं नाही.

"ही हाय पाटी."
"ही हाय कालवं."
मध्येच "पाणी दे गो", मी ओला कापूस ओठांवर फिरवला.
"यो हाय..."

तिनं डोळे बारीक केले.
"यो... यो आमच्या घरवाल्यानं आणलेला,
शेवटच्या खेपेला,
सासू म्हणली, इकू नको, घरात कर.
आंबट घातलेली. कैरीचं.
यो..."

पलीकडून आवाज: चूक की बरोबर?

शब्द आला नव्हता.
बाकी सगळं आलं होतं.
तक्त्यात अशासाठी रकाना नाही.
चूक, मी म्हणाले.
त्यांनी तार उचलली,
आणि श्वास सोडावा तसं सहज
तिच्या तोंडून निघालं: "जिताडा."
पुन्हा टेकवली. पुन्हा गेला.
तीनदा.
सात नंबरची चिठ्ठी.

गाठ अठ्ठ्याऐंशी टक्के निघाली.
अभ्यासाच्या तक्त्यात तिची ओळ एकतिसावी,
नावाऐवजी आकडे,
उरलेल्याला इंग्रजीत एक थंड शब्द आहे
आणि मराठीत आम्ही नुसतं "थोडं राहिलंय" म्हणतो,
भात राहिल्यासारखं.

तीन महिन्यांनी आल्या, पदराखाली केस आखूड.
पडद्यावर एमआरआय.
काळ्या पोकळीच्या कडेला पांढुरका एक घास.
डॉक्टरांनी समजावलं: वाढला नाही,
पण वाढणारच नाही असं लिहून देता येत नाही,
दर तीन महिन्यांनी बघू,
रेडिएशनचं पुढं ठरवू.
त्यांनी मान हलवली.
बाहेर लिफ्टपाशी माझा दंड धरला.

"त्या जाग्यावर काय हाय गो माझं?"

काय सांगणार?
आमच्या शास्त्रात एक शब्द एका जागी राहत नाही,
वाट असते, वस्ती नसते,
हे मी परिषदेत चांगलं सांगते.
म्हणाले, जिताडा.

लिफ्ट आली, भरलेली होती, गेली.

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.
आणि पिशवी चाचपून,
घरी जायला रिक्षा की बस, ते विचारू लागल्या.