इस्त्रीचं टेबल

तीन आठवडे झाले, पंख इस्त्रीच्या टेबलावर आहे.
बाल्साचा, वजनाला दोन पापडांइतका.
इस्त्रीही त्यानेच नेली, फिल्म चिकटवायला;
तिच्या तळाला आता लाल प्लास्टिकचा ओघळ.
मी शाळेच्या साड्या गादीखाली दाबते.

मधुसूदनने लॅमिंग्टन रोडवरून दोन सर्व्हो आणले,
काडेपेटीहून लहान, नऊ ग्रॅमचे.
ब्लेडने पंखात चौकोन कापला, श्वास रोखून.
माझं बोलणं ऐकताना एवढा श्वास
त्याने कधी रोखला नव्हता.

नेहरूनगरच्या टाक्यांना घासून जावं तसं
एक विमान उतरतं. कपाटातले ग्लास किणकिणतात.
तो मान वर करत नाही.
एवढंच म्हणतो, चाकं उशिरा काढली यानं.

वायर मधल्या भोकापर्यंत न्यायची होती.
सात फासळ्या, प्रत्येकीला बोटाएवढं भोक.
तार तिसरीत अडकली.
उदबत्तीची काडी आतच मोडली.
रात्री साडेअकराला एक शिवी आली,
वागळेबाईंना ऐकू जाणार नाही इतकी हळू.

मी उठले.
नाडी ओवायची सेफ्टीपिन घेतली,
पिनेला दोरा बांधला.
पण नेफा नव्हता हा, चिमटीत काय धरणार?
म्हणून पंख उभा धरला, खिडकीपाशी,
आणि सूप पाखडावं तसा हलवला.
टिक. दुसरी फासळी. टिक.
सातव्यांदा पिन माझ्या तळव्यात पडली.
दोऱ्यामागून वायर, मुकाट.
तो बघत राहिला. मी काही बोलले नाही,
पण पिन मुद्दाम त्याच्यासमोर ठेवली.

रेडिओ चालू. काडी डावीकडे.
दोन्ही फळ्या एकदम वर,
पोलिसाने हटकल्यासारख्या.
मी हसले. तो नाही. मग तोही.
दोन्ही सर्व्हो एकाच तोंडाने बसवले होते;
आरशात बघितल्यासारखे समोरासमोर हवे होते.
डावा उचकटला, गोंदासकट.

आधी करंट दे, म्हणाला,
त्याला त्याच्या मध्यावर येऊ दे,
मगच हात बसवायचा, काटकोनात.
आधी बसवला तर कायमचा वाकडा.
याचा संसाराशी संबंध लावू नका.
मी लावला, अर्धा मिनिट. मग चहा टाकला.

सळई फार ताठ झाली की तो कण्हतो,
डास कानाशी यावा तसा.
पाव आटा सैल केला. गप्प झाला.

एक वर, एक खाली. एक खाली, एक वर.
चाळीस वेळा तरी केलं असेल त्याने.
दुसरं टोक माझ्या हातात होतं,
बोटांना ती ओढ लागत होती, बारीक,
काहीतरी आत जागं असल्यासारखी.

इथे उडवायला बंदी. विमानतळ डोक्यावर.
रविवारी बदलापूरच्या पुढे जायचं, कापलेल्या शेतात.
तू चल, म्हणाला, नजर स्क्रूवर ठेवून,
पंख धरायला कुणीतरी लागतं.

मी म्हटलं, आधी टेबल मोकळं कर.
चुरगळलेल्या साडीने मी कुठे जात नाही.