पान एकशे अठरा

प्रत एकच होती.
ऑगस्टपासून गावात फिरत होती, घरागणिक दहा दिवस.
परत आली तेव्हा जाड झाली होती
हळदीच्या बोटांनी, बोटांना चिकटून आलेल्या रुईनं,
खूण म्हणून ठेवून विसरलेल्या दारव्ह्याच्या तिकिटानं.
मी ती फडक्यानं पुसली
आणि जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी
समाजमंदिरातल्या टेबलावर
नारळाशेजारी ठेवली.

अकोल्याचे सर वेळेवर आले, हे आधी नोंदवते.
चर्चेला एकेचाळीस माणसं. डाव्या अंगाला पुरुष, उजवीकडे बाया,
मधोमध मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं घमेलं.
सर चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले,
कादंबरीतलं गाव, गावातली कादंबरी वगैरे,
आणि सगळा वेळ बोटाबोटांत शेंगा फुटत राहिल्या,
पत्र्यावर कुणी सावकाश दाणे टाकावेत तशा.

मग रऊफभाई उठले, पंक्चरवाले.
"सर, थे सारं बराबर. पन पान एकशे अठरावर
कोनीतरी रेघ मारली. थे काहून मारली,
थ्याच्यावर बोला ना."

मी शरमले. वाचनालयाच्या भिंतीवर पाटी आहे:
पुस्तकात खुणा करू नयेत. अक्षर माझंच.
पण सरांनी पान उघडलं, चष्मा वर सारला, वाचलं:
"तिला कुणी विचारलं असतं, तर ती हो म्हणाली असती."

शेंगा थांबल्या.

कुठंतरी मोटारपंप सुरू होता,
तो आत्ता ऐकू यायला लागला.

सर म्हणाले, याला संकेतार्थ म्हणतात,
जे घडलं नाही त्याचं क्रियापद.
"म्हंजे हुकल्याचं व्याकरन," पंचफुलाबाई म्हणाल्या.
कुणी हसलं, हसून गप्प झालं.
मेश्राम गुरुजींच्या मते प्रश्न सातबाऱ्याचा होता,
तिच्या नावावर दोन एकर असते तर
झक मारून विचारलं असतं सगळ्यांनी.
शालिक भोयर म्हणाला, पन इचारावं कोनं? बापानं का भावानं?
राठोडांची सून, जी कधी बोलत नाही,
म्हणाली, "कोनीबी. पानी पेतं का इचारते ना, तसं."
आणि पदर दातात धरून खाली पाहत बसली.

नऊ वाजले. सरांची शेवटची गाडी गेली.
आभार मानायचे राहिलेच,
नारळही कुणाला द्यायचा ते सुचलं नाही.

झाडताना मी ते पान पुन्हा पाहिलं.
रेघ जाड, चपट्या शिशाची,
सुरुवातीला खोल, "हो"पाशी जवळजवळ फाटलेली.
शाळेची पेन्सिल अशी उमटत नाही.
ती सागाच्या फळीवर उमटते.
रजिस्टर मला पाठ आहे:
ऑक्टोबर, दुसरा आठवडा, देवकाबाई, गुणवंता सुताराची.
तो स्वतः वाचनालयात आला असेल दोनदा,
दार घासतं म्हणून, रंधा घेऊन.
परवा दोघंही होते. दोन अंगांना.
टरफलांचे ढीग दोघांपुढे सारखेच.

सोमवारी तो आला. रंधा नव्हता.
"कार्ड काढाचं हाये."
तीस रुपये अनामत, वीसची नोट आणि बाकी सुटे.
कोणतं पुस्तक?
"थेच."
ते तर तुमच्या घरी होतं, दादा, चांगलं दहा दिवस.
"तिच्यापाशी होतं," तो म्हणाला,
"माह्यापाशी नव्हतं."

मी नाव लिहिलं, तारीख टाकली.
ड्रॉवरमध्ये खोडरबर होतं, हात तिकडे गेलाही.
मग पुस्तक तसंच दिलं.
दार अजून थोडं घासतं. त्यानं ते
खांद्यानं लोटलं आणि गेला,
पुस्तक काखेत,
पेन्सिल कानावर.