थप्पी

दिगू आठवीत नापास झाला नाही
म्हणून तुर्भे नाक्यावरून आणला व्हिडिओ गेम,
साडेसहाशेचा, घासाघीस करून पाचशेला.
कोपरखैरणे, सेक्टर सात, सिडकोची एक खोली,
आणि कॅसेटवर छापलेलं : नव्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम.
मी वहीत मोजले. सव्वीस निघाले.
बाकीचे तेच, नाव बदलून,
किंवा तोच गडी, पाचव्या पायरीवरून सुरू.

दिवसभर रिमोट दिगूकडे आणि चव्हाणांच्या उमाकांतकडे.
रणगाडे, बदकं, चिखलातल्या मोटारसायकली.
दिगू म्हणायचा, मी मेलो की तू.
दिगू मरायचा नाही.
नाक्यावरच्या पार्लरमध्ये पोरी जात नसत.
तसं कुठे लिहिलं नव्हतं,
तरी वाचता येत होतं.

मग मला पहाटेचे साडेतीन सापडले.
कांदा-बटाटा मार्केटला निघण्याआधी
आप्पा उकिडवे बसून चहा प्यायचे.
मी टीव्हीचा आवाज शून्यावर आणायची
आणि तो विटांचा गेम लावायची :
वरून एकेक तुकडा येतो,
सरळ, वाकडा, पायरीसारखा,
आणि खाली बसवायचा असतो.

पंधरा दिवस आप्पा काही बोलले नाहीत.
सोळाव्या दिवशी बशी खाली ठेवली.
"आडवं घाल. ते उभं न्हाई जायाचं."
घातलं. बसलं.
"आता भोक ठिवू नगं. भोकात उंदीर शिरतो."

वीस वर्षं गोण्यांची थप्पी लावलेला माणूस,
टोळी नंबर एकशे चौदा,
तुकडा पुरता दिसायच्या आत
त्यांना त्याची जागा ठाऊक असायची.
रिमोट मात्र कधी हातात घेतला नाही.
माझं एक बोट तुझ्या चार बटणांवर पडंल, म्हणायचे.

पहिल्यांदा रांग पुरी भरली
आणि लुकलुकून नाहीशी झाली,
तेव्हा ते पुढे सरकले.
"कुटं गेली?"
भरली, म्हणून गेली.
"आन् वाराई?"
शंभर पॉइंट, मी म्हटलं.
तोंडावर टॉवेल दाबून हसले,
आई उठू नये म्हणून.
"मुकादमापरीस बरं हाय."

नवव्या लेव्हलनंतर तुकडे धो धो यायचे.
"ट्रक लई आले," एवढंच म्हणून आप्पा गप्प.
ढीग छताला लागला की खेळ संपे,
ते चपला शोधायला उठत.
हरल्याचं त्यांना काही नव्हतं,
वाकडी थप्पी टाकून जायचं जिवावर येई.
स्कोअर मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची,
कारण वीज गेली की
त्या डब्याला कालचं काही आठवत नसे.

आता मी न्हावा शेव्याला आहे, यार्ड प्लॅनिंगमध्ये.
कुठला कंटेनर कुठल्या कंटेनरवर,
जड खाली, उद्या जाणारा वर,
हे मी रात्रपाळीत पडद्यावर ठरवते.
रांग भरली तरी इथे काही नाहीसं होत नाही,
दुसरं जहाज येतं.
मुलाखतीत विचारलं होतं, हे शिकलात कुठे?
मी वाशीतल्या एका कोर्सचं नाव सांगितलं.
ते अजून घशात आहे, माशाच्या काट्यासारखं.

गेल्या महिन्यात नेरूळला आप्पांचा एमआरआय काढला.
डॉक्टर पेनाने दाखवत होते :
हा चौथा मणका, हा पाचवा,
मधली गादी झिजून गेली,
हाड हाडावर बसलंय.
आप्पांनी फिल्म मागून घेतली.
खिडकीच्या उजेडाला धरली,
डोळे बारीक करून खालून वर मोजत गेले,
पूर्वी ट्रक रिकामा झाल्यावर मोजायचे तसे.
मग बोट टेकवलं
आणि मला म्हणाले,
"हितं भोक ठिवाया पायजे व्हतं."