सांकवाळच्या सड्यावर चारशे मीटर

पहार मारली तर ठिणगी उडाली.
रुझार म्हणाला, "बाय, ही माती नव्हे, चिरा.
इथे घर उगवतं. भाजी नाही."

चपला काढून उभी राहिले.
एप्रिलची दुपार. तळव्यांना जे कळतं
ते दलालाच्या नकाशात नसतं.

पाणी टँकरचं, मंगळवारी आणि शुक्रवारी,
आला तर.
पलीकडच्या इमारतीची सावली तीनला पोचते,
ती फुकट. वहीत टिपून ठेवली.

विहीर?
रुझारच्या बापाने अकरा मीटर खणली होती,
बारावा मुलांसाठी ठेवला.
मुलं गेली बोटीवर.

शेळ्यांचं विचारलं.
वसाहतीच्या नियमांत कुत्रा आहे, मांजर आहे,
शेळी हा शब्दच नाही,
म्हणजे मनाईही नाही.
माझी कारकुनी तेहतीस वर्षांची,
एवढी फट मला पुरते.

निघताना दिसला
गडग्याच्या भेगेत काजू,
कुणी न लावलेला,
गुडघ्याएवढा, कोवळी पानं तांबूस.
"याला पाणी कोण घालतं?"
"कोण घालणार?"
रुझार पहार पुसत होता.

दलालाला म्हटलं, विचार करून सांगते.
टँकरवाल्याचा नंबर मात्र
मागून घेतला.