पहिल्या वीस चाली

उलिसेस, माउसवरचा हात जरा सैल सोड.
अजून काहीच घडलेलं नाही.
एक बिऱ्हाड, एक भालेकरी
आणि चहूकडे काळोख.
नकाशा म्हणतो, इथे काही नाही.
म्हणजे एवढंच, की आपण अजून पाहिलेलं नाही.

बाहेर वारा ताशी नव्वद.
कानांनी मोजते मी; सवय जात नाही.
तेवीस वर्षं पुन्ता अरेनासच्या वेधशाळेत
रात्रपाळीला हेच आकडे लिहिले
आणि दोन नोंदींमधल्या तासात
साम्राज्यं उभी केली, बुडवली.
बुडवली जास्त.

तर, पहिली चाल.
तू म्हणतोस, आणखी पुढे जाऊ या मावशी,
किनाऱ्याला मोती दिसतायत.
मोती कोण खातं रे?
गोडं पाणी बघ. पाठीला टेकडी बघ.
एखादं घर सरकलास तर समजू शकते,
पण सहा चाली जागाच शोधत फिरलास
तर तुझं बिऱ्हाड पाठीवरच म्हातारं होईल
आणि शेजारी तोवर लोखंड वितळवत असेल.

इथेच? बरं. वसव.
नाव काय? पुएर्तो उलिसेस.
हसत नाहीये मी. घोट घेतेय.

आता तो मनोरा नको.
नको म्हटलं ना, खाली ठेव.
चित्र सुंदर आहे, मला माहीत आहे;
सगळे नवखे त्या चित्रापाशीच घसरतात.
माझ्या पहिल्या डावात मी महाद्वार बांधत बसले.
तीन चाली उरल्या होत्या फक्त,
तेव्हा टोळी आत शिरली
आणि गावात साधी काठीही नव्हती.
द्वार मात्र छान झालं असतं.

आधी वाटाड्या पाठव.
पायी माणूस, पोटाला फारसं लागत नाही,
काळोख खरवडत जातो.
मग गोफणवाला, मग...
थांब, छपराचा पत्रा वाजतोय.
दोन एवारिस्तो शिडी घेऊन येतो म्हणाला होता मंगळवारी.
आज कुठला वार?

हं. दुसरं बिऱ्हाड. लवकर काढ, पण कुठे धाडायचं ते आधी ठरव.
शाळेच्या सहलीला दक्षिणेकडे नेलं होतं ना तुम्हाला,
तासाभराच्या रस्त्यावर, उपासमारीच्या बंदरावर?
तू पाण्यात दगड भिरकावत होतास, फोटो आहे.
गलबतातून तो किनारा हिरवागार दिसला होता त्यांना.
उतरले, कुंपण घातलं, राजाचं नाव दिलं,
पेरलं.
उगवलं नाही.
मागची चाल परत घ्यायचं बटण
त्यांच्याकडे नव्हतं.

आणि त्याच पाण्यात, उलिसेस,
होडीत विस्तव पेटता ठेवून
माणसं फिरत होती, शिंपले खात होती,
हजारो वर्षं फिरत आली होती.
माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आईच्याही, माहेरची.

हो, ती झोपडी. जा आत.
बघ, पंचवीस सोन्याची नाणी,
फुकटात.
सुरुवातीला अशा तीन मिळाल्या की डाव...

‘मावशी, झोपडी गेली कुठे?’

नाहीशी होते ती. असंच असतं.

‘आणि आतली माणसं?’

पत्रा वाजत राहिला.
तेवीस वर्षांत मी फक्त नाणी मोजली होती.

पुढे धुक्यात दुसरी झोपडी निघाली,
धूर वर जात असलेली.
उलिसेसने वाटाड्याला तिच्या शेजारच्या घरात उभं केलं
आणि पहाऱ्यावर बसवलं.
आत गेला नाही.
चाल संपवली. पुढची संपवली.

खेळाच्या हिशेबाने चूक आहे ती,
नवशिक्याची, ढळढळीत चूक.
वाटाड्या बसून राहिला म्हणजे उत्तर अंधारातच राहणार.
मी तोंड उघडलं
आणि माते संपलाय का ते बघायला उठले.

वारा ब्याण्णव. नैऋत्य.
पुएर्तो उलिसेसची वस्ती दोन.