ओढ

फोशानच्या आमच्या गल्लीत
दुकानाला पाटी नव्हती कधी.
दारूत मुरलेल्या मुळ्यांचा वासच
लोकांना कोपऱ्यावरून आत आणायचा.
कुणी लोंगानच्या झाडावरून पडलेला,
कुणी सिंहनाचातलं मागचं अंग,
पुढचा उडी मारून उतरला
आणि हा खांबावरच राहिला, मग खाली.

बाबा आधी हात धरायचे. नुसता धरायचे,
पाहुण्यांच्या मुलाचा धरावा तसा.
मग विचारायचे,
"सकाळी पेज खाल्लीत, की शेवया?"
आणि माणूस आठवत असताना
ओढायचे.
टक्.
आमच्या घरात कुणाचंच उत्तर पुरं झालं नाही.

शिकायची रीत अशी :
कापडी पिशवीत चहाचा पेला घालायचा,
उंबऱ्यावर आपटायचा,
आणि पिशवी न उघडता, बाहेरून चाचपत
तुकड्याला तुकडा भिडवायचा
पेला पुन्हा पेला होईस्तोवर.
पणजोबांना एक हिवाळा लागला, बाबांना दोन.
माझ्या भावानं, काम-विंगनं,
चौथ्या दिवशी पिशवी उघडली
आणि बोट कापून घेतलं.
आता शेन्झेनला फोनच्या काचा बदलतो.
तेही बसवणंच, म्हणतो.
हाताला गुण आहे त्याच्या, मी नाही म्हणत नाही.

मुलीला पिशवी द्यायची नसते.
मुलगी विद्या परक्या घरी नेते.
माझ्याकडे पट्ट्या धुणं,
वाळुंजाच्या सालीच्या कामट्या भिजत घालणं.
घरातले पेले तेवढे
एकेक करून कमी होत गेले.
आईनं कधी विचारलं नाही.

या मार्चमध्ये, भिंतींना घाम येतो त्या दिवसांत,
बाबा मागच्या पायरीवर घसरले.
उजवं मनगट कलथ्यासारखं वाकलेलं.
हॉस्पिटल नको म्हणाले.
काम-विंग म्हणाला, रविवारी येतो.
वार मंगळवार होता.

मी स्टूल पुढे घेतलं.
त्यांनी हात दिला नाही. मी घेतला.
गरम, सुजलेल्या कातडीखाली
पेलाच होता तो.
काठ सापडला. बूड सापडलं.
मधली चीर, केसाएवढी, तीही.

"बाबा, मला का नाही शिकवलंत?"
त्यांनी तोंड उघडलं.
मी ओढलं.
टक्.

कपाळ पुसून झालं, श्वास जागेवर आला,
रस्त्यावरून बदकांची गाडी गेली.
मग म्हणाले, "पेज.
आज पेज खाल्ली होती मी."
आणि डाव्या हातानं
भिजल्या कामट्यांचं ताट
माझ्याकडे सरकवलं.